लहानपणी त्याचं काय काम होतं?

दिवाळी होऊन गेली होती आणि माहेरच्या घरात माजघरभर कापूस होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं गाव, तिकडे घरोघरी हेच, भाव वाढेल म्हणून विकायचं थांबायचं आणि कापूस घरातच भरून ठेवायचा, मग झोपायचं कुठे नि जेवायचं कुठे ते ज्याचं त्यानं बघावं. दाराच्या चौकटीला टेकलेला तो ढीग, त्याचा गरम, थोडा कुबट वास, आणि आठवडा उलटला की सगळ्यांच्या मानेवर-कोपरावर सुटणारी खाज. आत्या ढिगाच्या कडेला पाय लांब करून बसली होती, वातींसाठी बोटांनी सरकी काढत. ऐंशीच्या पुढची आहे ती, नक्की किती ते कुणालाच माहीत नाही, आधार कार्डावर 1 जानेवारी आहे, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तीच. भाचा पलंगावर लोळत मोबाईल पाहत होता, आवाज फुल्ल. कुठलातरी व्हिडिओ होता, शास्त्रज्ञांनी म्हातारपणाचा जीन शोधला, आता तो बंद करता येणार, माणूस दीडशे वर्षं जगणार, म्हातारपण कायमचं संपणार. आत्यानं मान वर न करताच मला विचारलं, "काव, हे जीन काय असते?" मी म्हटलं, शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं याची माहिती प्रत्येक पेशीत असते, त्या माहितीचा एक तुकडा, जन्मापासून आपल्यासोबत असतो. तिनं एक सरकी सुपात टाकली आणि म्हणाली, "जन्मापासून हाय? मंग लहानपनी त्याचं काय काम होतं?"

तेवढ्यात खेडा खरेदीवाले काटा घेऊन दारात आले, ताडपत्री आणा, पोरांना बोलवा, वजनावर नीट नजर ठेवा, सगळं घर अंगणात. तो प्रश्न तसाच राहिला. पण रात्री एसटीनं परत येताना, खिडकीतून थंड वारा येत होता आणि बाहेर अंधारात पराटीची, म्हणजे कपाशीची, शेतं मागे पळत होती, तेव्हा माझ्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. म्हातारपण आणणारा जीन जर जन्मापासून अंगात आहे तर पहिली चाळीस-पन्नास वर्षं तो करत काय होता?

व्हिडिओवाल्याला हे विचारावंसं वाटलंच नव्हतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीला बायो शिकवते. आरएनए इंटरफिअरन्स, म्हणजे जीन गप्प करायची एक पद्धत, आमच्या पोरांना तोंडपाठ असतं, नीटच्या परीक्षेला येतं म्हणून. तंबाखूच्या मुळांना लागणारी सूत्रकृमी, मेलॉयडोगायनी इनकॉग्निटा, तिचाच जीन झाडात अशा रीतीनं घालायचा की झाडात दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो, कृमीनं मूळ खाल्लं की तिचा स्वतःचा जीन गप्प होतो आणि ती जगत नाही. चार ओळी, एक आकृती, एक एमसीक्यू, पुढचा टॉपिक. मला मात्र त्या चार ओळी फार प्रिय आहेत आणि मी त्यावर पूर्ण तास घालवते, पोरं घड्याळ पाहतात तरी. मी त्यांना सातबाऱ्याचं सांगते. मूळ रेकॉर्ड तलाठ्याकडे असतं, बँकेत, सोसायटीत काम होतं ते नकलेवर. जीन म्हणजे ते मूळ रेकॉर्ड, पेशीच्या केंद्रकात सांभाळलेलं, आणि मेसेंजर आरएनए ही त्याची बाहेर आलेली नक्कल, तिच्यावरून प्रोटीन बनतं. आरएनए इंटरफिअरन्स मूळ रेकॉर्डला हात लावत नाही, नक्कल फाडतं. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत दिसला की डायसर नावाचं एन्झाईम त्याचे 21-22 अक्षरांचे तुकडे करतं, तुकड्यातला एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये जाऊन बसतो, आणि त्या धाग्याशी जुळणारी नक्कल सापडली की ती तिथल्या तिथे कापली जाते. जीन जागेवर तसाच असतो, पण त्याचं म्हणणं बाहेर पोचत नाही. आणि हे थांबवलं की नवीन नकला निघतच असतात, काही दिवसांनी-महिन्यांनी सगळं पूर्ववत. म्हणजे "कायमचं बंद" हा शब्द इथे लागूच पडत नाही. मला तर हीच या पद्धतीची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, चुकलं तर माघार घेता येते.

आणि हे यंत्र माणसानं केलेलं नाही, झाडांकडे, किड्यांकडे, आपल्याकडे ते आधीपासूनच आहे, झाडं नि किडे तर व्हायरसशी लढायला आजही तेच वापरतात. आपल्याला ते दिसलं अपघातानं. 1990 मध्ये अमेरिकेत जॉर्गेनसन आणि नॅपोली पेटुनियाची फुलं अजून गडद जांभळी करायला गेले, रंगाचा जीन जास्तीचा घातला, तर काही झाडांना पांढरी फुलं आली, काहींना पांढरे पट्टे. जास्तीचा जीन घातल्यावर असलेला पण गप्प झाला. कोणाला कारण कळेना. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका बारक्या कृमीत दुहेरी धाग्याचा आरएनए टोचून दाखवलं की गप्प करणारा हाच, आणि 2006 ला दोघांना नोबेल. 8 वर्षांत नोबेल, इतकं लवकर सहसा मिळत नाही.

ती कृमी, सी. एलिगन्स, तिच्याबद्दल मला खूप माया आहे. एक मिलीमीटर लांब, काचेसारखी आरपार दिसणारी, मोठी झाली की अंडी-शुक्राच्या पेशी सोडून अंगात मोजून 959 पेशी, त्यातल्या 302 मज्जापेशी, आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. मातीत राहते, बॅक्टेरिया खाते. एमएस्सीला असताना मी ती मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास पाहिली आहे. तरुण कृमी जेलीवर वळवळत सुंदर लाटा काढत जाते, आणि दहा-बारा दिवसांनी तीच कृमी जागच्या जागी पडलेली असते, अंगावर सुरकुत्या, आतली रचना धूसर झालेली, सुईनं हलकं डिवचलं तर फक्त डोकं हलवते. एवढ्याशा जिवाचं म्हातारपण इतकं ओळखीचं असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रात्री जेवण गेलं नाही. या कृमीत जीन गप्प करायला इंजेक्शनही लागत नाही, हव्या त्या जीनचा दुहेरी आरएनए बनवणारे बॅक्टेरिया खायला घातले की झालं. केंब्रिजच्या लॅबनं 2003 मध्ये असे 16,757 प्रकारचे बॅक्टेरिया तयार करून ठेवले, एकेक बॅक्टेरिया एकेक जीन गप्प करणारा, कृमीचे जवळजवळ 86 टक्के जीन त्यात आले. मग जगभर लोक एकेक जीन बंद करून बघत बसले, कोणता बंद केला तर कृमी जास्त जगते.

त्यातला सगळ्यात गाजलेला जीन डॅफ-2. सिंथिया केन्यन यांनी 1993 मध्येच दाखवलं होतं की या एका जीनमध्ये बिघाड असलेली कृमी दुपटीहून जास्त जगते, आणि बाकीच्या मेल्या तेव्हाही ती हिंडत-फिरत असते. आपल्या शरीरात इन्सुलिन आणि आयजीएफ-1 (वाढीचा एक हार्मोन) यांचा निरोप घेणारे जे रिसेप्टर आहेत त्यांचा हा भाऊबंद. व्हिडिओत बहुतेक हाच होता. आणि आत्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. डॅफ-2 लहानपणी वाढायचं काम करतो. खायला आहे, ऊब ठीक आहे, गर्दी नाही, तर वाढ, मोठी हो, अंडी घाल, असा निरोप त्याच्यातून जातो. हा निरोप लहानपणीच तुटला तर अळी वाढायची थांबते, तोंड बंद करून घेते, खात नाही, आणि त्या अवस्थेत महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. मरत नाही, पण मोठीही होत नाही. दुष्काळात तग धरायची ती तिची रीत आहे. आणि 2002 मध्ये केन्यन यांच्याच लॅबमध्ये डिलिन वगैरे मंडळींनी आरएनए इंटरफिअरन्स वापरून वेळेचं कोडं सोडवलं, मला तो प्रयोग फार देखणा वाटतो. लहानपणी डॅफ-2 ला त्याचं काम करू दिलं आणि कृमी मोठी झाल्यावर त्याला गप्प करणारे बॅक्टेरिया खायला घातले, तर आयुष्य वाढलं. उलट, फक्त लहानपणी गप्प केला आणि मोठेपणी डायसरलाच गप्प करून त्याचा आवाज परत येऊ दिला, तर काही फायदा नाही. म्हणजे त्याचं लहानपणचं काम वेगळं, मोठेपणचं वेगळं, आणि आयुष्य वाढवायचं तर मोठेपणी त्याला थांबवायचं.

पण लगेच टाळी वाजवायची नाही. त्याच वर्षी त्याच मंडळींनी मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीच्या वीजघराचे, काही जीन असेच तपासले तर उलटं निघालं, ते लहानपणी गप्प केले तरच आयुष्य वाढतं, मोठेपणी करून उपयोग नाही. आणि ज्या कृमींचं आयुष्य असं वाढलं त्या आकारानं लहान राहिल्या, हालचाल मंद झाली. जास्त दिवस, पण सावकाश, कमी अंगाचे दिवस. हे वाचलं की मी थांबते. असं आयुष्य मी कोणासाठी मागेन?

2007 चा एक पेपर आहे, करन आणि रुव्हकुन यांचा, तो मी आत्याच्या प्रश्नानंतर पुन्हा काढून वाचला. त्यांनी असे जीन घेतले ज्यांच्यावाचून कृमी वाढूच शकत नाही, 2,700 जीन. म्हणजे लहानपणी बंद केले तर खेळ खलास. ते त्यांनी कृमी पूर्ण वाढल्यावर एकेक करून गप्प केले आणि 64 जीन असे सापडले की ते बंद केल्यावर कृमी जास्त जगली. लहानपणी ज्यांच्यावाचून जीव उभाच राहत नाही, तेच मोठेपणी आयुष्य खात असतात! जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञानं 1957 मध्ये हे नुसत्या विचारानं मांडलं होतं, की तरुणपणी उपयोगी पडणारा जीन पुढे नुकसान करत असला तरी निसर्ग त्याला ठेवून घेतो, कारण तोवर पोरंबाळं होऊन गेलेली असतात, आणि पुढचं नुकसान निवडीच्या हिशोबात फारसं येतच नाही. माणसातही याची झलक आहे. इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम असलेली साधारण शंभर माणसं अभ्यासली गेली, त्यांच्या शरीरात ग्रोथ हार्मोनचा निरोप पोचत नाही, आयजीएफ-1 फार कमी. उंची जेमतेम साडेतीन-चार फूट राहते. आणि 2011 मध्ये दिसलं की त्यांच्यात कॅन्सर जवळजवळ नाहीच आणि मधुमेहही नाही. त्यांचं आयुष्य मात्र त्यानं लांबलेलं दिसलं नाही, अपघात, दारू, असल्या कारणांनी माणसं जायची ती गेलीच.

आत्या लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत माहेरी आली, मूलबाळ नाही, आणि मग आम्ही भावंडं तिच्या वाट्याला आलो. आई-बाबा पहाटे शेतात जायचे, आम्हाला उठवणं, न्हाऊ घालणं, चुलीपुढे बसवून भाकर-वरण खाऊ घालणं, गोवर निघाला तर उशाशी बसणं, सगळं तिचं. आम्ही मोठे झाल्यावर ती शेतात जायला लागली, निंदण, वेचणी, ऊन सेहेचाळीसच्या घरात गेलं तरी डोक्याला दुपट्टा बांधून. आता तिच्या बोटांची पेरं वाकली आहेत, अंगठ्याच्या बाजूची कातडी पराटीच्या बोंडांनी इतकी वर्षं ओरखडून कडक झालेली आहे, एक डोळा शिबिरात ऑपरेशन झालेला, दुसऱ्यातून पाणी येतं. तरी सरकी काढताना ती पाहत नाही. डाव्या हातात बोंडाची एक पाकळी धरते, उजव्या हाताच्या चिमटीनं चाचपते, कठीण लागलं की अंगठा जरा फिरवते आणि सरकी निघून येते, तिला चिकटलेली बारीक लव सुद्धा ती खेचून पांढऱ्या कापसात ठेवते, वाया जाऊ देत नाही. मी प्रयत्न केला की माझ्या हातात कापसाचे तुकडे होतात.

गावात म्हातारपण वयावरून येतच नाही मुळी. मजुरीला जाणारी पंचेचाळीसची बाई शहरातल्या साठीच्या बाईपेक्षा थकलेली दिसते. ऊन, अंगात रक्त कमी, लवकर झालेली बाळंतपणं, फवारणीचं औषध, कर्जाची काळजी, हे सगळं कातडीवर नि गुडघ्यात लिहिलेलं असतं. त्यासाठी कुठलाही जीन गप्प करायची गरज नाही, सावली आणि वेळेवर दवाखाना पुरे. हे मी मनापासून म्हणते, आणि तरीही त्या 64 जीनबद्दल वाचताना माझं काळीज धडधडतं, कारण शेवटी ते आत्याच्याही अंगात असणारच, कुठल्या ना कुठल्या रूपात, आणि ते आता तिचं काय करत असतील असं वाटत राहतं.

संक्रांतीला गेले तेव्हा तिला उत्तर दिलं. सांगितलं की तुझं बरोबर होतं, लहानपणी त्याचं काम मोठं करायचं असतं, आणि काम संपल्यावर तो थांबत नाही, तेवढीच अडचण. ती तीळ निवडत होती. म्हणाली, "मंग एकदम नोको बंद करू म्हना त्याले. ज्यानं वाढवलं त्याले असं करते का कोनी?" मी म्हटलं, आत्या, तो माणूस नाही. ती म्हणाली, "मले समजते थे. पन आमाले जास्त जगाचं नाई व माय, हातपाय चालते राह्यले पायजे, कोनाले उचला लागू नये." आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या हेच म्हणतात, शब्दही तेच. आणि खरं सांगायचं तर या विषयातल्या गंभीर संशोधकांनाही तेच हवं आहे, वर्षं वाढवण्यापेक्षा धडधाकट वर्षं. तिच्या भावनेशी मी सहमत नाही तरी. वाढवणाऱ्याला गप्प करणं यात मला कृतघ्नपणा दिसत नाही, त्याचं काम काय होतं ते नीट समजून घेऊन मग गप्प केलं तर. न समजता केलं तर तो नुसता उद्धटपणा आहे, आणि व्हिडिओवाले पावडरी विकताना तोच करतात.

जे समजून केलं आहे त्याचं एक उदाहरण तर आत्याच्या सुपातच होतं. 1 किलो रुईमागे दीड किलोच्या वर सरकी निघते, तिच्यात प्रोटीन भरपूर, पण गॉसिपॉल नावाचं विष असतं, गाई-म्हशी पचवतात, माणूस आणि कोंबडी नाही. तेल रिफाईन करतात तेव्हा ते काढून टाकावं लागतं, आणि उरलेली ढेप, म्हणजे पेंड, आपण जनावरांपुढे ठेवतो. झाडात गॉसिपॉल उगाच नसतं, अळ्यांपासून ते झाडाला वाचवतं. ते सगळ्या झाडातून काढलेली सरकी आधी करून झाली होती, अळ्यांनी त्या झाडांची वाट लावली. टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांनी 2006 मध्ये आरएनए इंटरफिअरन्सनं तो जीन फक्त बीमध्ये गप्प केला, पानं आणि बोंडं जशीच्या तशी विषारी. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्या कपाशीच्या लागवडीला मोकळीक दिली. बोंडअळीनं 2017 ला आमच्याकडे कपाशीचं जे केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना मी वेगळं सांगायला नको की पानातलं विष का शाबूत राहिलं पाहिजे. कुणाला गप्प करायचं एवढं ठरवून भागत नाही, कधी आणि कुठे हेही ठरवावं लागतं, आणि राठोर यांची सगळी मेहनत त्या "कुठे" वर गेली.

माणसात तर "कुठे" हीच मोठी अडचण आहे. आज जी आरएनए इंटरफिअरन्सची औषधं बाजारात आहेत ती जवळपास सगळी लिव्हरमध्ये काम करतात, कारण तिथेच ती नेमकी पोचवता येतात, आरएनएला एक खास साखर जोडली की लिव्हरच्या पेशी ती ओढून घेतात. मेंदू, स्नायू, गुडघ्याचा सांधा, कातडी, तिथे असा सोपा रस्ता नाही. त्यामुळे सगळ्या अंगाचं म्हातारपण एका इंजेक्शननं गप्प होईल असं कुणी म्हणत असेल तर त्याला एवढंच विचारावं, बाबा, पोचवणार कसं? पहिलं औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये आलं, वर्षाचा जाहीर खर्च साडेचार लाख डॉलर. ते ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रोटीनचा जीन गप्प करतं. आणि हे प्रोटीन मला म्हातारपणाच्या सगळ्यात जवळचं वाटतं, कारण काही माणसांत जीनमध्ये काहीही बिघाड नसताना, निव्वळ वय झालं म्हणून, ते उलगडतं आणि हृदयाच्या स्नायूत साचत जातं, हृदय ताठर होतं, धाप लागते, पाय सुजतात. त्यावरचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन, व्हुट्रिसिरान, मार्च 2025 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या या आजारासाठी मंजूर झालं. पण ट्रान्सथायरेटिनचंही काम असतंच, ते रक्तातून थायरॉईडचं हार्मोन आणि व्हिटॅमिन ए वाहून नेतं, म्हणून या पेशंटना व्हिटॅमिन ए वरून द्यावं लागतं. गप्प केलेल्याचं काम दुसऱ्यानं करायचं. इन्क्लिसिरान या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं जरा वेगळं, ते रक्तात कोलेस्टेरॉल वाढू देणारं पीसीएसके9 नावाचं प्रोटीन गप्प करतं, सुरुवातीच्या डोसनंतर वर्षाला दोन इंजेक्शनं आणि वाईट कोलेस्टेरॉल निम्म्यावर. डॅलसच्या अभ्यासात 2006 मध्ये अशी एक धडधाकट बाई सापडली होती जिच्या रक्तात पीसीएसके9 मुळीच नव्हतं, त्यामुळे त्याच्यावाचून चालतं असं म्हणायला निदान आधार होता. असा आधार प्रत्येक जीनसाठी मिळत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार, मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमधला जन्मजात बिघाड. आमच्या भागात वेगळं समजवावं लागत नाही, सिकलसेलचं कार्ड कितीतरी घरांत असतं. थंडी पडली की ती हमखास गैरहजर, सांधे असे दुखतात की रडायलाही ताकद उरत नाही, बाटलीभर पाणी सतत सोबत. मागच्या महिन्यात हा टॉपिक शिकवताना मी बॉस्टनच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल11ए नावाचा जीन ते बंद करतो आणि मोठ्यांचं सुरू होतं, म्हणून सिकलसेलचं बाळ आधी छान असतं आणि पाच-सहा महिन्यांनी हातपाय सुजायला लागतात, ही गोष्ट इथल्या कितीतरी आयांनी बघितलेली आहे. बॉस्टनमध्ये त्या बंद करणाऱ्यालाच गप्प केलं, आरएनए इंटरफिअरन्सनं, आणि तेही फक्त लाल पेशी तयार होतात त्या वाटेवर, कारण मेंदूत आणि इतर पेशींत बीसीएल11ए ला दुसरी कामं आहेत. 2021 मध्ये 6 पेशंटचे निकाल छापून आले, बाळपणीचं हिमोग्लोबिन परत आलं होतं. त्यासाठी स्वतःच्या रक्ताच्या मूळ पेशी काढून, बदलून, मधे केमो देऊन परत घालाव्या लागतात, सोपं अजिबात नाही. ती रोज घेते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूलही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन थोडं वाढवते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट लिहिता येणार नाही. वर्षानुवर्षं ती गोळी गिळत होती, आणि ती आत काय करते हे आता कुठे कळत होतं.

तास संपल्यावर ती थांबली. "मॅडम, हे शिकाचं असन तं नीटच द्या लागते का?" मी म्हटलं, नाही, पुण्याला आयसर ही सरकारी विज्ञानसंस्था आहे, त्याची आयएटी नावाची वेगळी परीक्षा असते, बारावी सायन्सवर देता येते, पाच वर्षांचा कोर्स आहे, लॅबमध्ये काम करायला मिळतं. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग मी तिला दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारलं, कारण 2016 च्या कायद्यात सिकलसेल आलेला आहे आणि ते काढलेलं असेल तर प्रवेशात आणि फीमध्ये फरक पडतो. काढलेलं नव्हतं. जात वैधताही निघायची होती. येत्या सोमवारी तिच्या बाबांना घेऊन यवतमाळला जायचं ठरलंय, मी रजा टाकली आहे, तिचे जुने रिपोर्ट फाईलला लावायला तेवढे शोधून ठेवायला सांगितलेत.